खाटेअलीकडचे आजारपण : नाशिकच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या आरोग्यसंरक्षणाचा आढावा

मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता जिथे मिळतात तो द्वारका चौक नाशिकच्या वाहतुकीचा सांधा आहे, आणि शहरातील सार्वजनिक रुग्णालयांचा नकाशा वाचायलाही तो तितकाच सोयीचा आहे. चौकालगतच्या कथडा भागात महापालिकेचे डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय आहे. पुणे रस्त्याने नाशिकरोडला गेल्यास महापालिकेचेच बिटको रुग्णालय लागते. शालिमारला विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, त्र्यंबक रस्त्याकडे जिल्हा शासकीय रुग्णालय आणि आग्र्याच्या दिशेने आडगावला मराठा विद्या प्रसारक समाजाच्या डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. राज्यातील वैद्यकीय शिक्षणाचा कारभार १९९८ पासून पाहणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच शहरात, म्हसरूळला आहे. याच चौकातून रोज सकाळी सिन्नर, ओझर, पिंपळगाव, चांदवड या बाजूंनी अपडाऊन करणारे विद्यार्थी शहरात येतात, आणि ज्यांना रोजचा प्रवास परवडत नाही ते आसपासच्या वस्त्यांत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतील एका खाटेपुरते भाडे भरून, राहतात. या विद्यार्थ्यांच्या बाबतीत रुग्णालयांची वाण हा मूळ प्रश्न नाही. आजारी पडल्यावर कोणत्या दारात, कोणता कागद घेऊन आणि कोणाच्या खर्चाने जायचे, हा आहे.

या प्रश्नाचा विचार करताना दोन संज्ञा आरंभीच वेगळ्या कराव्या लागतात. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणाऱ्यास आंतररुग्ण आणि केस पेपर काढून, तपासून घेऊन, औषधे घेऊन घरी परतणाऱ्यास बाह्यरुग्ण म्हणतात. महाराष्ट्रात विद्यार्थ्याला उपलब्ध असलेले विम्याचे बहुतेक मार्ग, मग ते शासकीय असोत वा खासगी, आंतररुग्णाचा खर्च उचलण्यासाठी आखलेले आहेत. उलट अठरा ते पंचविशीतील तरुणाचे आजारपण बहुतांशी ताप, पोटाचे विकार, रक्तक्षय, निद्रानाश, उदासी अशा रूपाने येते आणि खाटेपर्यंत पोचण्याआधीच बरे होते किंवा अंगावर काढले जाते. विमा खाटेपाशी सुरू होतो आणि विद्यार्थ्याचे आजारपण खाटेअलीकडे राहते, ही विसंगती पुढील आढाव्याचे सूत्र आहे.

पूर्वपीठिका

विद्यार्थ्याच्या आरोग्याची जबाबदारी शिक्षणसंस्थेने घ्यावी हा विचार नवा नाही. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) विद्यार्थिकल्याणाचा विचार करताना प्रवेशाच्या वेळी व त्यानंतरही नियमित वैद्यकीय तपासणी असावी, अशी भूमिका घेतली होती. मात्र स्वातंत्र्यानंतर आरोग्यसंरक्षणाची जी पहिली मोठी विमारचना उभी राहिली, ती १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याची, आणि तिच्या केंद्रस्थानी कारखान्यातील कामगार होता. खासगी व्यक्तीला विकत घेता येईल असा ‘मेडिक्लेम’ सार्वजनिक क्षेत्रातील सर्वसाधारण विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये आणला. तो कुटुंबप्रमुखाच्या मिळकतीवर आणि हप्ता भरण्याच्या ऐपतीवर उभा होता. पुढे गरीब कुटुंबांसाठी आलेल्या शासकीय योजनांनी शिधापत्रिकेला आधार मानले. कामगार, कुटुंबप्रमुख आणि शिधापत्रिकाधारक कुटुंब अशा तीन पायांवर ही इमारत उभी राहिली, आणि विद्यार्थी प्रत्येक ठिकाणी ‘अवलंबित’ म्हणूनच आत आला. तो घरी राहत असेल तोवर या रचनेत उणे काही जाणवत नाही. घर सोडून शिकायला निघाला की आधाराचा कागद एका गावी आणि आजारी माणूस दुसऱ्या गावी, अशी स्थिती होते.

वयाच्या पायऱ्या

विद्यार्थ्याचे संरक्षण एका दिवसात संपत नाही. ते पायरीपायरीने उतरत जाते आणि प्रत्येक पायरीवरचे वय वेगळे असते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांमधील मुलांची तपासणी होऊन दोष आढळल्यास पुढील उपचारांची सोय केली जाते, पण तो वयाच्या १८ व्या वर्षी थांबतो. २०१४ चा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ या वयोगटासाठी आहे आणि महाराष्ट्रात त्याची समुपदेशन केंद्रे ‘मैत्री’ या नावाने शासकीय रुग्णालयांत चालतात; म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या आसपास विद्यार्थी त्याच्याही बाहेर पडतो. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, त्यामुळे बारावीचा निकाल लागून पदवीला नाव घातले की तो आधार सुटतो.

यानंतरच्या पायऱ्या विम्याच्या आहेत. सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतील ज्या कामगारांचे मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत आहे, ते कर्मचारी राज्य विमा योजनेत येतात आणि त्यांच्या कुटुंबीयांनाही सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयासह योजनेच्या दवाखान्यांत उपचार मिळतात. येथे ‘कुटुंब’ या शब्दाची कायदेशीर व्याख्या निर्णायक ठरते : शिकत असलेला व पूर्णतः पालकांवर अवलंबून असलेला मुलगा २१ वर्षे पूर्ण होईपर्यंतच कुटुंबात धरला जातो, मुलगी मात्र अविवाहित असेपर्यंत धरली जाते. परिणामी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात किंवा पदव्युत्तर वर्गात शिकणारा कामगाराचा मुलगा, पदरी कमाई नसताना आणि वडिलांचे वेतन तेच असताना, योजनेबाहेर जातो. खासगी कौटुंबिक विम्यात ही पायरी बहुधा २५ व्या वर्षी येते. ही सर्व वये एकाच धोरणातून ठरलेली नसून निरनिराळ्या खात्यांनी निरनिराळ्या काळी ठरवलेली आहेत, आणि म्हणूनच १८ ते २५ हा पट्टा सलग दिसत असला तरी त्यात ठिकठिकाणी फटी आहेत.

शासकीय योजना : शिधापत्रिका आणि खाट

राज्याची मुख्य योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये नाशिकसह उरलेल्या जिल्ह्यांत आली. १ एप्रिल २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले, आणि २०२० मध्ये ती केंद्राच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी जोडली गेली. आरंभी पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळत. २०२३ च्या शासन निर्णयानुसार ही मर्यादा प्रतिकुटुंब ५ लाख रुपये झाली, उपचारांची संख्या १,३५६ झाली आणि शुभ्र शिधापत्रिकाधारकांसह राज्यातील सर्व रहिवासी कुटुंबांना योजना खुली झाली. ही विस्तारित व्यवस्था १ जुलै २०२४ पासून लागू आहे.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने या योजनेतील दोन गोष्टी फार मोलाच्या आहेत. पहिली म्हणजे ती राज्यभर चालते. सुरगाण्याच्या शिधापत्रिकेवर नाव असलेल्या विद्यार्थ्याला नाशिक, पुणे किंवा मुंबईच्या कोणत्याही अंगीकृत रुग्णालयात, म्हणजे योजनेत नोंदवलेल्या रुग्णालयात, उपचार घेता येतात. दुसरी म्हणजे कुटुंबाचा सदस्य म्हणून लाभ घेण्यास वयाची अट नाही. अडचण येते ती कागदाशी. शिधापत्रिका एका कुटुंबाला एकच असते आणि ती गावी, घरातल्या पत्र्याच्या पेटीत असते. आधारवरील व शिधापत्रिकेवरील नावाच्या लेखनात फरक असतो. मोठ्या मुलीचे नाव चढवायचे राहून गेलेले असते. अंगीकृत रुग्णालयातील ‘आरोग्यमित्र’, म्हणजे योजनेच्या खिडकीवर बसून कागद तपासणारा व रुग्णाची नोंद करणारा कर्मचारी, हे सारे पाहूनच पुढील मंजुरीची प्रक्रिया सुरू करतो. आजारपण चालू असताना गावाकडून मोबाइलवर छायाचित्र मागवून घेतलेली शिधापत्रिका बारा आकड्यांच्या क्रमांकासह स्पष्ट दिसते की नाही, यावर पहिला अर्धा दिवस जाऊ शकतो.

दुसरी अडचण योजनेच्या आखणीतच आहे. उपचार ‘पॅकेज’ म्हणून, म्हणजे एखाद्या शस्त्रक्रियेचा वा आजाराचा ठरलेला एकत्रित दर धरून, दिले जातात आणि ते दाखल रुग्णासाठी असतात. बाह्यरुग्ण तपासणी त्यात येत नाही. ती उणीव काही अंशी सार्वजनिक रुग्णालये भरून काढतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी, चाचण्या व उपचार निःशुल्क आहेत, आणि नाशिकचे जिल्हा रुग्णालय व संदर्भ रुग्णालय त्यात मोडतात. परंतु सकाळची बाह्यरुग्ण वेळ ही तासिकांची आणि प्रात्यक्षिकांचीही वेळ असते, केस पेपरची रांग, तपासणीची रांग आणि औषधांची रांग मिळून अर्धा दिवस जातो, आणि हजेरीच्या टक्केवारीची धास्ती असलेला विद्यार्थी त्याऐवजी जवळच्या ‘मेडिकल’मधून गोळी घेणे पसंत करतो. दुपारी व रात्री चालणाऱ्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांची २०२३ पासूनची योजना या दृष्टीने विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकाशी अधिक जुळणारी आहे.

याखेरीज धर्मादाय रुग्णालयांचा मार्ग आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमातील कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना निःशुल्क आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांना सवलतीच्या दरात द्यावयाच्या असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी हाच दाखला विद्यार्थ्याने बहुधा आधीच काढलेला असतो. एकाच कागदाचे हे दुसरे काम असते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

खासगी विमा : एक छत्री, अनेक माणसे

नोकरदार व व्यापारी कुटुंबांतील विद्यार्थी सहसा ‘फॅमिली फ्लोटर’ विम्यात असतो. फ्लोटर म्हणजे संपूर्ण कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम. ती वर्षभरात ज्याला गरज पडेल त्याने वापरायची आणि एकाने अधिक वापरली तर इतरांसाठी तितकी कमी उरायची. विमा नियामक प्राधिकरणाच्या पुढाकाराने १ एप्रिल २०२० पासून आलेली ‘आरोग्य संजीवनी’ ही सर्व कंपन्यांना समान अटींवर विकावी लागणारी योजना नमुन्यादाखल पाहता येईल. तिच्यात अवलंबित अपत्याचे वय २५ पर्यंत चालते, मात्र १८ वर्षांवरील अपत्य स्वतः कमावू लागले की पुढील नूतनीकरणात ते वगळले जाते. प्रत्येक दाव्यातील ५ टक्के भाग विमाधारकाने भरायचा असतो, यालाच सहभरणा म्हणतात. खोलीचे भाडे विमा रकमेच्या २ टक्के व कमाल ५,००० रुपये प्रतिदिन इतकेच मान्य होते.

या शेवटच्या अटीचा परिणाम वरवर दिसतो त्याहून मोठा असतो. विमा रक्कम २ लाख असेल तर दिवसाचे मान्य भाडे ४,००० रुपये होते. घाबरलेल्या पालकांनी ८,००० रुपयांची खोली घेतली, तर फरकाचे चार हजार तेवढे खिशातून जातात असे नव्हे, तर डॉक्टरांच्या फेऱ्यांसारखे खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणारे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मेच, मान्य होऊ शकतात. औषधांचा खर्च मात्र या कपातीतून वगळलेला असतो. विद्यार्थ्यासोबत रुग्णालयात प्रथम जो येतो तो खोलीतला मित्र असतो, आणि ‘कोणती रूम देऊ?’ या प्रश्नाला उत्तरही त्यालाच द्यावे लागते.

नियमांत विमाधारकाला अनुकूल असे बदलही झाले आहेत. आधीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे ज्या काळात त्या आजाराचा दावा मान्य होत नाही तो काळ, एप्रिल २०२४ पासून कमाल चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला. रोखरहित उपचारांच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यावा आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असे निर्देश मे २०२४ मध्ये निघाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. पंचविशी ओलांडताना विद्यार्थ्याने कौटुंबिक विम्यातून बाहेर पडून लगेच स्वतंत्र विमा घेतला तर आधी भोगून झालेला प्रतीक्षा कालावधी त्याच्या खात्यात धरला जातो. मध्ये खंड पडू दिला तर हा लाभ गमावण्याची वेळ येते.

डेंग्यूचे पाच दिवस

या तरतुदी प्रत्यक्षात कशा चालतात हे पावसाळ्यानंतर नाशिकमध्ये हमखास दिसणाऱ्या एका आजारावरून समजते. द्वारकेजवळ काठे गल्लीच्या बाजूला कॉट बेसिसवर राहणाऱ्या, खाणावळीत जेवणाऱ्या एखाद्या द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याला डेंग्यूचा ताप आला असे मानू. पहिले दोन दिवस तो तापाच्या गोळ्यांवर काढतो. तिसऱ्या दिवशी अंग मोडून येते म्हणून तो खासगी डॉक्टरांकडे जातो आणि तेथे तपासणी शुल्क, रक्तचाचणी व औषधे असा खर्च होतो. चौथ्या दिवशी पुन्हा रक्त तपासले जाते. येथपर्यंत वर वर्णिलेल्यांपैकी, कामगार विमा सोडल्यास, कोणत्याही विम्याचा दरवाजा उघडलेला नसतो. पाचव्या दिवशी प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी, घसरल्या आणि डॉक्टरांनी दाखल व्हायला सांगितले, की मगच विमा जागा होतो.

खासगी विम्यात एक सोय असते : रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच्या ३० दिवसांतील त्याच आजाराचा खर्च नंतर मागता येतो. परंतु त्यासाठी तिसऱ्या व चौथ्या दिवसाची चिठ्ठी, चाचण्यांचे अहवाल आणि औषधांची बिले हाती असावी लागतात, आणि ती बहुधा मेडिकलच्या काउंटरवर राहिलेली किंवा पँटच्या खिशात धुतली गेलेली असतात. उलट हाच विद्यार्थी पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे गेला, दोनदा रक्त तपासून घेतले आणि दाखल न होताच बरा झाला, तर सारा खर्च त्याचा त्यालाच करावा लागतो. वेळेवर जाणाऱ्याने स्वतः भरावे आणि उशीर करून खाट गाठणाऱ्याला भरपाई मिळावी, असा हा उफराटा हिशेब आहे, आणि महिन्याच्या ठरलेल्या पैशांवर राहणारा विद्यार्थी त्यातून अंगावर काढण्याचाच धडा घेतो.

अपघात : स्वस्त संरक्षण, अपुरी माहिती

अपघाताच्या बाबतीत संरक्षण तुलनेने स्वस्त आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू व पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. शिष्यवृत्तीसाठी बँक खाते उघडलेल्या प्रत्येक सज्ञान विद्यार्थ्याला ते घेता येते. मात्र त्यात रुग्णालयाचे बिल मिळत नाही, हे लक्षात ठेवावे लागते.

दुचाकीच्या विम्याबाबत मोठा गैरसमज आढळतो. वाहन विम्यासोबत घेतले जाणारे १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण हे ‘मालक-चालक’ यासाठी असते, म्हणजे नोंदणी पुस्तकावर ज्याचे नाव आहे आणि ज्याच्याकडे वाहन परवाना आहे त्याच्यासाठी. महाविद्यालयात येणाऱ्या दुचाक्या बहुतेक वेळा वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या नावावर असतात. त्यामुळे विमा चालू असूनही ती चालवणारा विद्यार्थी त्या संरक्षणात नसतो, आणि मागे बसलेला मित्रही वेगळा हप्ता भरला नसेल तर नसतो. याउलट मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेने रस्ते अपघातातील कोणत्याही जखमी व्यक्तीला अपघातापासून सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे रोखरहित उपचार मिळण्याची तरतूद केली आहे. त्यात वय, शिधापत्रिका वा मालकी यांचा प्रश्न येत नाही. महामार्गांच्या मिळणीवर राहणाऱ्या आणि रोज ती ओलांडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही तरतूद आणि १०८ क्रमांकाची निःशुल्क रुग्णवाहिका या दोन गोष्टी पाठ असाव्यात अशा आहेत.

रक्तक्षय, सिकलसेल आणि मन

खाटेअलीकडच्या आजारांत पहिला क्रम रक्तक्षयाचा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सकाळी डबा न घेता निघणारी, दुपारी वडापाववर भागवणारी अपडाऊन करणारी विद्यार्थिनी या आकड्यात मोडते आणि तिचा थकवा ‘अभ्यासाचा ताण’ म्हणून बाजूला सारला जातो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या तालुक्यांतून येणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांच्या बाबतीत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचीही शक्यता ध्यानात घ्यावी लागते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी अपेक्षित आहे, म्हणजे महाविद्यालयीन वय त्यात पूर्णपणे येते. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. आदिवासी विद्यार्थ्यांच्या शहरी वसतिगृहांतील भोजनाऐवजी रक्कम थेट खात्यात जमा करण्याच्या २०१८ मधील निर्णयाला विद्यार्थ्यांनी जो विरोध केला, त्यामागे ताटातले अन्न आणि खात्यातली रक्कम यांत आरोग्याच्या दृष्टीने फरक असतो, हीच जाण होती.

मानसिक आरोग्याची स्थिती अधिक गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत १,७६४ ही सर्वाधिक संख्या महाराष्ट्रातील होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शारीरिक आजाराच्या बरोबरीने मानसिक आजारालाही विमासंरक्षण देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. परंतु मानसोपचारातील बहुतेक काम, म्हणजे समुपदेशनाच्या बैठका आणि महिनोन् महिने चालणारी औषधे, बाह्यरुग्ण स्वरूपाचे असल्याने कायद्याने दिलेली समानता पुन्हा खाटेपाशीच अडते. १४४१६ या क्रमांकावरील ‘टेलि-मानस’ ही २०२२ पासूनची निःशुल्क सेवा हा त्यातला एक मोकळा मार्ग आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा प्रकरणात दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक वा तत्सम तज्ज्ञ नेमणे आवश्यक ठरवले आहे. त्यांची अंमलबजावणी कागदी नियुक्तीने झाली की बंद दाराआड बोलता येईल अशा खोलीने झाली, यावर त्यांचे यश ठरेल.

खाटेविनाही उपचारांची भक्कम रचना उभी राहू शकते याचे उदाहरण क्षयरोग कार्यक्रमात सापडते. निदान व औषधे निःशुल्क असतात, उपचार बहुतांशी घरी राहून चालतात, पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात आणि ‘निक्षय’ नोंदणीमुळे रुग्ण गाव बदलून शहरात आला तरी त्याचे उपचार तेथे वर्ग करता येतात. घर आणि महाविद्यालय अशा दोन पत्त्यांवर जगणाऱ्या तरुणाला नेमकी हीच गोष्ट हवी असते, आणि ती शासनाला जमते हे येथे सिद्ध झालेले आहे.

महाविद्यालयाचा वाटा

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी ही जुनी प्रथा आहे, आणि शुल्काच्या पावतीवर वैद्यकीय तपासणी, विद्यार्थी कल्याण, विमा अशा छोट्या रकमांच्या ओळी असतात. त्या ओळींतून नेमके काय मिळते हे पालक विचारत नाहीत आणि कार्यालय आपणहून सांगत नाही. तपासणी अनेकदा उंची, वजन आणि एका सहीपुरती उरते. हिमोग्लोबिन कमी आढळल्यावर पुढे कोणाकडे पाठवले, याची नोंद ठेवण्याची रीत रुळलेली नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांसाठी संजीवनी विद्यार्थी सुरक्षा योजनेसारखे उपक्रम चालवले आहेत, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या शारीरिक व मानसिक स्वास्थ्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. मात्र कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या सामान्य महाविद्यालयात ‘बरे वाटत नाही’ म्हणून जाता येईल अशी जागा आजही बहुधा कार्यालयातील बाकडे हीच असते.

परदेशांतील रचनेशी तुलना केल्यास फरक ठळक होतो. जर्मनीत विद्यापीठात नाव नोंदवतानाच आरोग्य विम्याचा पुरावा द्यावा लागतो आणि तिशीखालील विद्यार्थ्याला सार्वजनिक विम्यात सवलतीचा हप्ता असतो. ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्याकडून व्हिसासोबतच वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार घेतला जातो आणि त्या बदल्यात दवाखान्यातील साध्या तपासणीसह सार्वजनिक सेवा मिळते. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने अपत्याला पालकांच्या विम्यात २६ व्या वर्षापर्यंत राहता येते. नाशिकचे पालक मुलाला म्युनिकला पाठवताना विम्याचा कागद फाइलमध्ये सर्वांत वर ठेवतात. तोच मुलगा पुण्याला निघाला तर त्याच्या बॅगेत चिवडा, लाडू आणि गादी असते, शिधापत्रिकेची प्रत नसते. येथे पालक बेफिकीर ठरत नाहीत. एका ठिकाणी संस्था विचारते आणि दुसऱ्या ठिकाणी कोणीच विचारत नाही, एवढाच हा फरक आहे.

समारोप

आजच्या घडीला महाराष्ट्रातील महाविद्यालयीन विद्यार्थी विम्यापासून पूर्णपणे वंचित आहे, असे म्हणता येणार नाही. पाच लाखांची शासकीय योजना, निःशुल्क शासकीय रुग्णालये, वीस रुपयांचे अपघात संरक्षण आणि अपघातानंतरच्या सात दिवसांची हमी मिळून गंभीर प्रसंगासाठी बरेच काही उपलब्ध आहे. उणीव आहे ती या सर्वांना जोडणाऱ्या दुव्याची आणि खाटेअलीकडच्या उपचारांची. पहिली उणीव भरून काढायला नवा निधी लागत नाही : प्रवेश अर्जातच रक्तगट, शिधापत्रिकेचा क्रमांक, कामगार विमा वा खासगी विम्याचा तपशील, स्थानिक संपर्क आणि जवळच्या अंगीकृत रुग्णालयाचे नाव यांचे एक पान असले आणि ते कार्यालयात रात्रीही सापडेल असे ठेवले, तर आणीबाणीतील पहिला अर्धा दिवस वाचतो. शिधापत्रिकेवर नाव नाही ही गोष्ट त्याच वेळी, म्हणजे ताप नसताना, उघड होते. दुसऱ्या उणिवेसाठी खर्च करावा लागेल, पण तो विम्याच्या हप्त्याइतका मोठा नाही. शेजारशेजारच्या महाविद्यालयांनी मिळून आठवड्यातून काही दिवस, तासिका संपल्यावर, एक डॉक्टर आणि एक समुपदेशक बसवणे, आणि प्रथम वर्षाच्या तपासणीतून निघालेल्या रक्तक्षयाच्या प्रत्येक नोंदीचा तीन महिन्यांनी पुन्हा मागोवा घेणे, इतकी या कामाची सुरुवात असू शकते.

रुग्णालयाच्या खिडकीवर विद्यार्थ्याला सर्वप्रथम विचारले जाते ते ‘सोबत कोण आहे?’ असे. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही विमापत्रात लिहिलेले नसते; ते कुटुंब गावी असताना महाविद्यालयानेच द्यावयाचे असते, आणि ते देण्याची तयारी असलेल्या संस्थेत विद्यार्थी खाटेपर्यंत पोचण्याआधीच डॉक्टरांपर्यंत पोचलेला असतो.